नाही म्हणजे नेमके काय: असोसिएटिव्ह अ‍ॅरे आणि अभावाचा विचार

असोसिएटिव्ह अ‍ॅरे म्हणजे नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांचा साठा. साध्या यादीत वस्तू पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमांकाने सापडते. इथे ती नावाने सापडते. वेबसाठी वापरल्या जाणाऱ्या पीएचपी या भाषेत या रचनेला फार मोठे स्थान आहे. रास्मस लेर्डोर्फ यांनी १९९५ साली ही भाषा लोकांपुढे ठेवली, तेव्हा ती एका वैयक्तिक संकेतस्थळासाठी केलेली लहानशी साधने होती. आज या भाषेत वाचकाने भरलेला अर्ज, डेटाबेसमधून आलेली ओळ, पत्त्याच्या पट्टीतून आलेली माहिती, हे सारे प्रोग्रामच्या हाती पडते ते नाव-मूल्यांच्या जोड्यांच्या रूपात. पीएचपीत क्रमांकांची यादी आणि नावांची यादी असे दोन वेगळे प्रकारही नाहीत. संख्या हेही तिथे एक प्रकारचे नावच.

किराणा मालाचे दर ठेवायचे असतील तर 'तांदूळ' या नावापुढे ६०, 'गूळ' या नावापुढे ५० अशा जोड्या लिहायच्या. पुढे चौकटी कंसात 'तांदूळ' लिहिले की ६० परत मिळतात. नावे देवनागरीत असली तरी चालतात. त्याच नावापुढे नवे मूल्य लिहिले की जुने जाते. नवे नाव लिहिले की जोडी शेवटी जोडली जाते. 'अनसेट' म्हटले की जोडी निघून जाते. इथपर्यंत नवशिक्याला काहीच जड जात नाही. अडचण सुरू होते ती अ‍ॅरेत जे नाही त्यापाशी.

'साबुदाणा' हे नाव कधी लिहिलेच नाही आणि प्रोग्रामने त्याचा दर मागितला, तर पीएचपी थांबत नाही. ती एक इशारा देते आणि 'नल' नावाचे मूल्य हाती ठेवते. २०२० साली आलेल्या आठव्या आवृत्तीपूर्वी हा इशारा अगदी सौम्य सूचनेच्या पातळीवरचा होता, आणि बऱ्याच ठिकाणी अशा सूचना दाखवल्याच जात नसत. नसलेली वस्तू मागितली आणि काहीतरी मिळाले, अशी ही विलक्षण स्थिती आहे. जे मिळाले ते काय आहे, आणि 'अ‍ॅरेत साबुदाणा नाही' हे वाक्य नेमके कशाविषयी बोलते, हा प्रश्न प्रोग्रामिंगच्या पुस्तकांत सहसा एका ओळीत उरकला जातो. भारतीय दर्शनांनी मात्र त्यावर हजार वर्षांहून अधिक काळ वाद घातला आहे, आणि तो वाद नवशिक्या प्रोग्रामरच्या थेट उपयोगाचा आहे.

वैशेषिकांच्या जुन्या मांडणीत जगातील सर्व पदार्थ सहा वर्गांत बसवले होते: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय. पुढे त्यांत सातवा वर्ग आला, तो अभावाचा. अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' सातव्या पदार्थासह ही यादी देऊनच सुरू होतो. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांनी सिद्ध केलेली त्याची १८९७ची मुंबईची आवृत्ती महाराष्ट्रातील संस्कृतच्या विद्यार्थ्यांना चांगली परिचित आहे. नसणे हा असण्याच्या यादीतला एक वर्ग मानायचा, हे पाऊल धाडसाचे होते. न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, म्हणजे नैयायिकांनी ते टाकले, कारण 'भूतलावर घट नाही' हे ज्ञान खरे असू शकते किंवा खोटे असू शकते. आणि ज्ञान खरे ठरायचे तर ते कशाचे तरी ज्ञान असले पाहिजे.

या विश्लेषणाचा गाभा असा की नुसते 'नाही' असे कधीच नसते. प्रत्येक अभावाला दोन टोके असतात. ज्याचा अभाव आहे तो प्रतियोगी, आणि जिथे अभाव आहे ते अधिकरण. घट हा प्रतियोगी, भूतल हे अधिकरण. यांतले एकही सुटले तर वाक्याला अर्थ उरत नाही. अ‍ॅरेच्या बाबतीत अधिकरण म्हणजे तो विशिष्ट अ‍ॅरे, आणि प्रतियोगी म्हणजे विचारलेले नाव. पण इथेच एक बारीक जागा आहे: प्रतियोगी नेमका कोण? नाव, की त्या नावापुढचे मूल्य? नवशिक्यांच्या चुकांचा मोठा भाग या एका प्रश्नाचे उत्तर न ठरवता पुढे गेल्यामुळे होतो.

पीएचपी या प्रश्नासाठी दोन वेगळी साधने देते. 'अ‍ॅरे_की_एक्झिस्ट्स' हे साधन फक्त नाव पाहते. नावापुढे काहीही असो, 'नल' असो, नाव असेल तर उत्तर होकारार्थी. 'इजसेट' मात्र जास्त मागते: नाव हवे आणि त्यापुढचे मूल्य 'नल' नसावे. म्हणजे 'इजसेट' एका विशिष्ट वस्तूविषयी विचारते, मूल्य असलेल्या नावाविषयी. न्यायशास्त्रात याला नेमकी जागा आहे. 'इथे दंडधारी पुरुष नाही' हे वाक्य तीन प्रकारांनी खरे ठरू शकते. पुरुष आहे पण हातात दंड नाही. दंड पडलेला आहे पण पुरुष नाही. किंवा दोन्हीही नाहीत. याला विशिष्टाभाव म्हणतात, आणि नैयायिक बजावतात की विशिष्टाचा अभाव कळल्याने त्यातील कोणता भाग नाही हे कळत नाही. 'इजसेट'ने नकार दिला की प्रोग्रामरला एवढेच कळते की मूल्यासह नाव नाही. नावच लिहिलेले नाही, की नाव आहे आणि पुढे 'नल' आहे, हे त्या नकारातून काढता येत नाही. मूल्य असून नाव नाही ही तिसरी शक्यता अ‍ॅरेत संभवत नाही, कारण मूल्य नावाच्या आधारानेच राहते. सातव्या आवृत्तीपासून आलेले, दोन प्रश्नचिन्हांनी लिहायचे सोयीचे चिन्हही आतून हीच 'इजसेट'ची कसोटी लावते. ते वापरताना हे ध्यानात असलेले बरे.

मग 'नल' स्वतः काय आहे? त्याला अभाव म्हणण्याचा मोह होतो, पण तो टाळला पाहिजे. ६४ बिटांच्या यंत्रावर, सातव्या आवृत्तीपासून, नावांच्या अ‍ॅरेतील प्रत्येक जोडीच्या नोंदीला ३२ बाइट लागतात, आणि त्यांतले १६ मूल्यासाठी असतात. मूल्य 'नल' असले तरी ही जागा तेवढीच व्यापली जाते. जोड्या मोजल्या तर ही जोडीही मोजली जाते; एकेक जोडी फिरून पाहिली तर तीही समोर येते. जे जागा व्यापते, मोजले जाते आणि एका नावाच्या आधाराने राहते, ते नैयायिकाच्या हिशेबात भावरूपच ठरेल. 'नल' ही 'इथे सांगण्यासारखे काही नाही' असे सांगणारी नोंद आहे. आणि नोंद असणे व नोंद नसणे यांत अंतर आहे.

हे अंतर कागदावरचे नाही. अर्जातून येणारी माहिती पाहिली की ते उघड दिसते. मजकुराची चौकट रिकामी ठेवून अर्ज पाठवला, तर ब्राउझर त्या चौकटीचे नाव पाठवतो आणि पुढे रिकामी अक्षरमाला ठेवतो. खूण करायची चौकट बिनखुणेची ठेवली, तर ब्राउझर तिचे नावच पाठवत नाही. निष्क्रिय केलेली चौकटही अजिबात येत नाही. वाचकाच्या दृष्टीने तीनही ठिकाणी 'काही भरले नाही'. प्रोग्रामच्या हाती मात्र पहिल्या ठिकाणी नाव येते, उरलेल्या दोन ठिकाणी नावच येत नाही. डेटाबेसमधून आलेल्या ओळीत आणखी एक, तिसरी स्थिती असते: स्तंभाचे नाव आहे आणि मूल्य 'नल' आहे, म्हणजे माहिती ठाऊक नाही.

रुग्णाच्या नोंदीत औषधांच्या अ‍ॅलर्जीची जागा असते, तिचा विचार करावा. नावच नसेल तर रुग्णाला कोणी विचारलेच नाही. नाव आहे आणि 'नल' आहे, तर विचारले पण रुग्णाला सांगता आले नाही. नाव आहे आणि पुढे रिकामी यादी आहे, तर विचारले आणि अ‍ॅलर्जी नाही असे उत्तर मिळाले. फक्त तिसऱ्या स्थितीत डॉक्टरला थोडे निश्चिंत होता येते. पीएचपीतील 'एम्प्टी' हे साधन या तिन्ही ठिकाणी एकच उत्तर देते. शून्य ही संख्या, शून्य हा एकच अंक असलेली अक्षरमाला, रिकामी अक्षरमाला, 'नल', असत्य आणि रिकामी यादी, हे सगळे त्याच्या दृष्टीने रिकामे. शिल्लक शून्य रुपये असलेले खाते आणि अस्तित्वातच नसलेले खाते यांत त्याला भेद दिसत नाही. म्हणून हे साधन नवशिक्याला सर्वांत आधी शिकवले जाते याचे वाईट वाटते. ते खरे तर भेद समजल्यावर, भेद नको असेल तेव्हाच हाती घ्यावे.

नैयायिकांनी अभावाचे चार प्रकार केले, आणि त्यांतले पहिले दोन काळाशी जोडलेले आहेत. वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा अभाव तो प्रागभाव. त्याला आरंभ नाही, पण वस्तू उत्पन्न होताच तो संपतो. वस्तू नष्ट झाल्यानंतरचा अभाव तो प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे, पण अंत नाही, कारण फुटलेला घट पुन्हा तोच घट होत नाही. अ‍ॅरेत कधी न लिहिलेले नाव आणि 'अनसेट'ने काढलेले नाव यांत असाच फरक आहे का? वरवर पाहता नाही. दोन्हींविषयी विचारले तर पीएचपी एकच उत्तर देते.

पण खोलात गेले की फरक सापडतो, आणि तो या विषयातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग आहे. ०, १ आणि २ असे क्रमांक असलेला अ‍ॅरे घेऊन त्यातला २ 'अनसेट'ने काढला, आणि मग क्रमांक न सांगता एक नवे मूल्य जोडले, तर त्याला २ हा क्रमांक मिळत नाही. त्याला ३ मिळतो. जो अ‍ॅरे आरंभापासून ० आणि १ एवढाच होता, त्याला नवे मूल्य जोडले तर मात्र २ मिळतो. आजवरचा सर्वांत मोठा क्रमांक कोणता होता हे अ‍ॅरे लक्षात ठेवतो, तो क्रमांक आता शिल्लक असो वा नसो. विशेष म्हणजे नवे मूल्य जोडण्यापूर्वी हे दोन अ‍ॅरे पीएचपीच्या सर्वांत कडक तुलनेला, तीन बरोबरीच्या चिन्हांच्या तुलनेला लावले, तर ती दोन्ही अगदी एकच आहेत असे सांगते. नावे तीच, मूल्ये तीच, क्रम तोच. तरी दोघांचे पुढचे वागणे वेगळे. जे आहे ते सारे सारखे, आणि भेद फक्त जे नाही त्याच्या प्रकारात: एकात २ चा प्रागभाव, दुसऱ्यात २ चा प्रध्वंस. अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानावा की नाही, या वादात नैयायिकाला याहून चांगला साक्षीदार मिळणे कठीण. क्रमांक नव्याने लावून हवे असतील तर 'अ‍ॅरे_व्हॅल्यूज' वापरून मूल्यांचा नवा अ‍ॅरे करावा लागतो; त्यात हा इतिहास उरत नाही.

नावांच्या बाबतीतही असेच घडते. 'गूळ' या नावापुढे नुसते नवे मूल्य लिहिले तर त्याची रांगेतली जागा कायम राहते. तेच नाव 'अनसेट'ने काढून पुन्हा लिहिले तर ते रांगेच्या शेवटी जाते, कारण पीएचपीचा अ‍ॅरे जोड्या ज्या क्रमाने आल्या तो क्रम जपतो. नाव परत आले, मूल्यही परत आले, पण नोंद नवी आहे. प्रध्वंसाला अंत नाही या न्यायमताचा अर्थ इथे डोळ्यांना दिसतो.

तिसरा प्रकार अत्यंताभाव, तिन्ही काळांतला अभाव. वायूत रूप नाही, तसा. अ‍ॅरेच्या नावाच्या जागी दुसरा अ‍ॅरे कधीही बसू शकत नाही. तसा प्रयत्न केला तर आठवी आवृत्ती 'नल' देऊन वेळ मारून नेत नाही, ती प्रकाराची चूक दाखवून थांबते. याविषयी अधिक सांगण्यासारखे नाही.

चौथा अन्योन्याभाव, म्हणजे भेद: घट हा पट नव्हे. अ‍ॅरे नावाने चालतो, म्हणून कोणते नाव कोणत्या नावाहून वेगळे हे ठरल्याशिवाय त्याचे पान हलत नाही. आणि पीएचपीचा भेदाचा नियम माणसाच्या नियमाशी पूर्ण जुळत नाही. इंग्रजी अंकांत अवतरणात लिहिलेला आठ आणि संख्या म्हणून लिहिलेला आठ ही दोन नावे तिथे एकच होतात. अवतरणातला आठ निमूटपणे संख्या बनतो. त्याच्या आधी शून्य लावले तर मात्र तो अक्षरमालाच राहतो. सत्य हे मूल्य नाव म्हणून वापरले तर ते १ होते, आणि १ च्या जागी आधी काही असेल तर ते पुसले जाते. मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की देवनागरी '८' ला ही सवलत नाही. तो शेवटपर्यंत अक्षरमालाच राहतो. मराठीत अर्ज भरून घेणाऱ्या प्रोग्राममध्ये एका वाचकाने ८ देवनागरीत लिहिला आणि दुसऱ्याने इंग्रजीत, तर त्यांची नावे वेगळी पडतील.

आता उरतो प्रश्न ज्ञानाचा. अभाव कळतो कसा? मीमांसक कुमारिल भट्टांनी त्यासाठी अनुपलब्धी हे वेगळे, सहावे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले: घट दिसत नाही, यातूनच त्याचा अभाव कळतो. नैयायिकांना नवे प्रमाण नको होते. डोळ्यांनी भूतल दिसते तसाच त्याला जोडलेला अभावही प्रत्यक्ष कळतो, असे त्यांचे म्हणणे. दुसरे मीमांसक प्रभाकर यांनी दोघांनाही नाकारले. त्यांच्या मते अभाव असे काही नाही. जे कळते ते केवळ भूतल. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी याला अनुमानात बसवले.

प्रभाकरांच्या बाजूने यंत्राची स्मृती उभी राहते असे प्रथम वाटते. 'साबुदाणा' अ‍ॅरेत नाही यासाठी स्मृतीत एकही बाइट खर्च होत नाही. तिथे आहे तो केवळ अ‍ॅरे. पण केवळ अ‍ॅरे पाहून 'साबुदाणा नाही' हे ज्ञान होत नाही, कारण त्याच अ‍ॅरेत नसलेली नावे अगणित आहेत. कोणत्या नावाविषयी विचारायचे हे बाहेरून आणावे लागते. प्रतियोगी आठवल्याशिवाय अभाव कळत नाही हे नैयायिकांचे उत्तर इथे बिनतोड आहे.

शोधाची पद्धत पाहिली की याहून मोठी गोष्ट हाती येते. पीएचपी नाव शोधताना सगळा अ‍ॅरे चाळत नाही. नावाच्या बाइटांवर ठरलेली आकडेमोड करून ती एक संख्या काढते आणि त्या संख्येवरून एका कप्प्यापाशी जाते. तिथे त्या कप्प्यात पडलेल्या मोजक्या नावांशी तुलना होते. जुळले नाही की उत्तर 'नाही'. हजारो जोड्यांच्या अ‍ॅरेत दोन-चार तुलनांवर 'नाही' म्हणण्याचा अधिकार प्रोग्रामला कुठून मिळतो? तो मिळतो एका अटीमुळे: हे नाव असते, तर ते याच कप्प्यात असते. हीच ती योग्यतेची अट, जी नैयायिक, भाट्ट म्हणजे कुमारिलांचे अनुयायी, आणि बौद्ध या सगळ्यांनी आपापल्या शब्दांत घातली आहे. वस्तू असती तर दिसलीच असती, अशा ठिकाणी न दिसणे हेच नसण्याचे ज्ञान. अंधारात घट न दिसणे हे त्याच्या अभावाचे प्रमाण नाही. धर्मकीर्ती हे फार काटेकोरपणे मांडतात: जे दिसण्याजोगे आहे त्याचेच न दिसणे निर्णायक, देश, काळ किंवा स्वभावामुळे जे दृष्टीपलीकडे आहे, त्याच्या न दिसण्याने फक्त संशय उरतो.

ही अट कुठे मोडते हे मराठी मजकुरावर काम करणाऱ्याला लवकर कळते. आकडेमोड बाइटांवर होते, डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरावर होत नाही. 'दुसऱ्या' या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये एका अखंड संकेताने लिहिता येतो, तसाच र आणि त्याखालचा नुक्ता असा दोन संकेतांनीही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण आकडेमोडीतून निघणारी संख्या वेगळी येते आणि शोध भलत्याच ठिकाणी जातो. शब्द अ‍ॅरेत आहे, आणि उत्तर येते 'नाही'. शेवटी राहून गेलेली मोकळी जागा, इंग्रजी नावांतले लहान-मोठे अक्षर, यांनीही हेच होते. इथे चुकीचे काहीच घडलेले नसते; प्रोग्रामने विचारलेल्या प्रतियोगीचा अभाव खराच आहे. फक्त माणसाच्या मनातला प्रतियोगी तो नव्हे.

ऱ च्या बाबतीत उपाय सोपा आहे. पीएचपीच्या 'इंटल' या जोडसंचातील 'नॉर्मलायझर' दोन्ही रूपे एका ठरलेल्या रूपात आणतो, आणि नाव लिहितानाही व शोधतानाही ते त्याच्यामधून काढले की दोन्ही शोध एकाच कप्प्यापाशी पोचतात. 'अ‍ॅ' या अक्षराला मात्र तो उपाय लागू पडत नाही. ते अखंड संकेताने लिहिले काय आणि अ वर चंद्र देऊन लिहिले काय, युनिकोडच्या नियमांनुसार ती दोन रूपे समान धरलेलीच नाहीत, आणि 'नॉर्मलायझर' त्यांना हात लावत नाही. 'अ‍ॅसिड' किंवा 'अ‍ॅलर्जी' अशी नावे ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये यांतले एक रूप निवडून दुसरे त्यात बदलून घेण्याचे काम प्रोग्रामरलाच, नाव अ‍ॅरेत जाण्यापूर्वी आणि शोधण्यापूर्वी, स्वतः लिहावे लागते.